थरथरणारं पेडल

पावसात आयुष्यात पहिल्यांदा जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली पेडल धडधडायला लागलं, खालून कर्रकर्र आवाज आला आणि मी काय केलं? पाय उचलला! वाटलं, काहीतरी तुटलं. पुढच्या गाडीला माझी गाडी टेकली नाही, हे नशीब. तुटलं काहीच नव्हतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करत होतं आणि ते मीच बंद पाडलं.

त्या यंत्रणेचं काम तसं सरळ आहे. प्रत्येक चाकाच्या वेगावर सेन्सरची नजर असते. एखादं चाक आता जाम होणार असं दिसलं, की त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा वाढवायचा. सेकंदाला दहा-पंधरा वेळासुद्धा. पायाला जाणवते ती हीच उघडझाप. पुढची चाकं जाम झाली, की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळ घसरत जाते. चाक फिरतं राहिलं तरच वळतं. म्हणजे एबीएसची खरी देणगी आहे ती ब्रेक दाबलेला असतानाही वळता येणं. 'एबीएस आहे, गाडी जागच्या जागी थांबते' म्हणणाऱ्यांनी एकदा सुट्या खडीवर थांबून पाहावं. तिथे जाम चाकापुढे खडीचा ढीग साचून तोच गाडी अडवतो, आणि एबीएस नेमका तो ढीग साचू देत नाही.

१९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. पण मला जास्त कौतुक १९९६ च्या ब्रेक असिस्टचं. घाबरलेला माणूस ब्रेक पटकन दाबतो, पण पुरेसा जोरात दाबत नाही, हे ओळखून केलेली ती सोय. पेडल किती झपाट्यानं खाली गेलं यावरून ती धोका ताडते आणि उरलेला जोर स्वतः लावते. आपली भीतीसुद्धा हिशेबात धरली की हो या लोकांनी! पण पाय उचलणाऱ्याचं ती तरी काय करणार? तिच्या लेखी संकट टळलेलं असतं.

गाडी शिकवताना क्लच, रिव्हर्स, पार्किंग सगळं माझ्याकडून घोटून घेतलं. 'पूर्ण जोर लावून ब्रेक मार आणि दाबून धर' असं मात्र कुणीही म्हणालं नाही. माझ्या मते हा धडा पहिल्याच आठवड्यात हवा.

शेवटी एका रिकाम्या, ओल्या पार्किंगमध्ये मीच तो गिरवला. चाळीसचा वेग, शेजारी मित्र. दोनदा पाय आपोआप वर आला. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन दाबून धरला. पेडल थरथरत होतं, मित्र दाराचं हँडल धरून ओरडत होता, आणि गाडी मी वळवीन तिकडे वळत होती.