नगराध्यक्षाचे आमदार कसे व्हावे

स्पर्धा परीक्षांची पुस्तकं रद्दीत घाला आणि गावचे नगराध्यक्ष व्हा. तिथून आमदारकी फार लांब नाही. वाटेत दोन-तीन पक्ष लागतात, तिथे थोडं थोडं थांबत विधान भवन गाठायचं.

सोडतीत नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं तर खचू नका. घरात वहिनीसाहेब आहेत. फ्लेक्सवर फोटो त्यांचा, त्याच्या दुप्पट तुमचा. केबिनमध्ये तुम्ही बसा, सह्या तेवढ्या त्यांच्याकडून घ्या.

आधी रस्ता करा, मग भुयारी गटारासाठी तो खोदा. उलटं केलंत तर कंत्राटदार रुसतो.

भूमिपूजन मात्र स्वतःच करा, आणि एकाच रस्त्याचं पुन्हा पुन्हा करा. परवा आमच्या गल्लीत झालं. नळाला पाणी यायच्या दिवशीच. मंडपाचा खांब रोवताना कार्यकर्त्यांनी पाइपलाइन फोडली. कुदळ नवीकोरी, दांड्याला लाल रिबन आणि दुकानाचं किमतीचं लेबल तसंच. आमच्या आमदारसाहेबांनी ती डांबराला टेकवली. मारली नाही, टेकवली. फोटोग्राफर "साहेब, परत एकदा" म्हणाला, तेव्हा पुन्हा टेकवली. तोवर पाणी पांढऱ्या बुटांपर्यंत आलेलं, तर एकाने चपळाईने त्यांच्या पायाखाली पाट सरकवला. त्या पाटावर उभं राहून साहेब पंचवीस मिनिटं विकासावर बोलले! याच रस्त्याचं भूमिपूजन त्यांनी नगराध्यक्ष असतानाही केलं होतं. तेव्हाची कोनशिला हल्ली पिठाच्या गिरणीची पायरी आहे. नव्या पाटीवर 'आमदार स्थानिक विकास निधीतून' एवढीच भर. जणू वर्षाचे ते ५ कोटी साहेबांनी शेत विकून आणलेत.

मी पुढे होऊन विचारलं, "साहेब, ही पाइपलाइन कधी जोडणार?"

"तो विषय नगरपालिकेचा आहे."

हे वाक्य पाठ करा. सगळी कारकीर्द यावर उभी राहते. नगराध्यक्ष असताना म्हणायचं, "शासनाकडे प्रस्ताव पाठवलाय." आमदार झालात की, "विषय नगरपालिकेचा." मधल्या काळात तर सोय आणखी होती. २०२१-२२ च्या सुमारास बहुतेक पालिकांच्या मुदती संपल्या आणि मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. तोवर उत्तर एकच, "प्रशासक आहेत ना!"

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा आहे. घाबरू नका, एकटे जाऊ नका.

सभागृहात गेलात की टाळ्यांचा सराव ठेवा. नगराध्यक्ष २०१६ मध्ये थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. प्रत्येक वेळी तोच लोकशाहीचा विजय असतो. बाक बदललेला असला तरी बाक वाजवायला हरकत नाही.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जरूर जा. हवा छान असते.

जाऊ दे. साहेब, सरळच विचारतो. पालिका ज्या १९६५ च्या अधिनियमावर चालते तो विधिमंडळाने केला. तो बदलायचा अधिकार तुम्हा लोकांचा. मुख्याधिकारी शासन पाठवतं, पाण्याच्या मोठ्या योजनेला मंजुरी शासन देतं, निधी शासन सोडतं. तुम्हाला आम्ही तिथे पाठवलं ते याच्याच मागे लागायला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, सभागृहात एवढी हत्यारं हाताशी असताना आमच्या पाण्यावर तुमच्या नावाचा एक प्रश्न दाखवा. एक! हायमास्ट नको, ओपन जिम नको, चौकातली कमान तर नकोच नको. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायला नगरसेवक आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या, आणि तुमचं तुम्ही करा की जरा. लाज कशी वाटत नाही पाटावर उभं राहायला?

आणि डिसेंबरात वहिनींना नगराध्यक्ष केलंय ना आम्ही? आता दोन्ही खुर्च्या तुमच्याच घरात आहेत. "वरून निधी येत नाही" हे त्या कुणाला सांगणार, रात्री जेवताना तुम्हालाच?