लोकगीत अद्ययावत करणाऱ्यांसाठी काही सूचना

गाणं निवडताना पहिली खबरदारी ही, की त्याचा कवी नुसता मेलेला असून भागत नाही. तो कधी झालेलाच नसावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं कवीच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं वारसांची सोय करून ठेवली आहे. नातू-पणतू कुठून उगवतील, नेम नाही. ओवी, भलरी, गोंधळ या बाबतीत निर्धोक. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहायचं, संगीतकाराच्या जागी स्वतःचं नाव. गाणं सगळ्यांचं, रेकॉर्डिंग तुमचं, आणि रेकॉर्डिंगवरचा हक्कही 60 वर्षं टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या बेवारस हिंडणाऱ्या गाण्याला अखेर मालक मिळाला, हे पुण्यकर्मच म्हणायचं.

आता एखादी आजी गाठा. जात्यावर गायलेल्या बायका अजून आहेत. त्यांच्यापुढे मोबाइल धरायचा. याला संशोधन म्हणतात. चहा त्याच पाजतात. मात्र पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचा कित्ता गिरवू नका. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, वर कोण गायली, कुठल्या गावची, हेही टिपून ठेवलं. असल्या सवयीनं श्रेयनामावली लांबते आणि तुमचं नाव वाचायच्या आत लोक पुढच्या गाण्यावर जातात. शिवाय 1994 च्या दुरुस्तीनं कलाकारालाही आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला आहे आणि 2012 पासून व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचाही. हा विषय आजींसमोर काढून त्यांना उगाच दमवू नये.

ओवीची अडचण एकच: तिच्यात मजकूर फार. सासूचा जाच, न्यायला न आलेला भाऊ, माहेराकडची वाट. घर झोपलेलं असताना बाई दळता दळता पोटातलं सगळं बोलून घ्यायची. नाचणाऱ्याला हे पचत नाही. तेव्हा जाच काढा, माहेर ठेवा, तेही एकदाच. उरलेल्या जागी ‘गं बाई’ घ्या, सोळा वेळा. लय तर गावठीच असते, जात्याच्या ओढीबरोबर मागेपुढे होणारी, मूठभर दाणे टाकायला मध्येच हात सैल सोडणारी. संगणकाला हे खपत नाही. मिनिटाला 124 ठोके लावा आणि बाईला त्यात बांधून टाका. मग ऑटोट्यून. दोन सुरांच्या मधोमध तिनं जाणूनबुजून धरलेला सूर जवळच्या खणात निमूट जाऊन बसेल. ती बेसूर नव्हती हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे. सॉफ्टवेअरला कशाला सांगायचं?

वाद्यांचं सोपं. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, सॅम्पल शेकावं लागत नाही. संबळवाल्याला जरूर बोलवा, पण वाजवायला नव्हे, व्हिडिओत मागे उभं राहायला. गोंधळ घेतलात तर कात्री जपून चालवा. त्यात तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशी एकेकाला नाव घेऊन हाक असते. रील 30 सेकंदांची. भवानीला हाक जाते, अंबाबाई निघायच्या तयारीत असते, तेवढ्यात कार्यक्रम संपतो. देवांना हल्ली याची सवय झाली असावी.

एवढं केलंत की ‘मूळ गाण्याची वाट लावली’ अशी ओरड होणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओरडणाऱ्यांच्या ‘मूळ’ गाण्यात बरेचदा व्हायोलिनं असतात; त्यांनी ते लहानपणी रेडिओवर ऐकलं, म्हणून ते अस्सल. पेटीचंच बघा ना. परदेशातून आलेली म्हणून आकाशवाणीनं 1940 ते 1971 तिला दारात उभं केलं नाही. आज तीच पेटी काढून घेतली तर हे लोक परंपरा बुडाली म्हणून गळा काढतील. थोडी कळ काढा, तुमचं रीमिक्सही कधीतरी ‘मूळ’ होईल आणि पुढचा कुणी त्याची वाट लावेल.

खरी धास्ती बाळगावी ती गाऊन-वाजवून पोट भरणाऱ्यांची. त्यांना शुद्धतेचं फारसं सोयरसुतक नसतं. तमाशात सिनेमाची गाणी येऊन जमाना झाला, गोंधळ्यांनी माइक कधीच हातात घेतला. बदल त्यांनीही केले, कारण समोरच्या माणसाला बांधून ठेवल्याशिवाय त्यांची चूल पेटत नव्हती. ते भलताच प्रश्न विचारतात: नाव कुठे आहे आणि पैसे किती? अशा वेळी ताबडतोब संस्कृतीवर बोलायला लागा. वारसा, मुळं, मातीचा गंध, जागतिक व्यासपीठ. जमल्यास एक परिसंवाद ठेवा आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ द्या. शालीची पावती सांभाळून ठेवा, खर्चात दाखवता येते.

पुढे कधी त्याच आजी एखाद्या लग्नात तेच गाणं म्हणतील आणि त्यांचा नातू तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवेल. कंटेंट आयडीला, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेला, त्यात तुमचं गाणं सापडलं, तर तुमच्या वतीनं मालकीचा दावा आपोआप ठोकला जाईल. तिथे मन मोठं करा आणि दावा मागे घ्या. फक्त घेण्याआधी स्क्रीनशॉट काढा, म्हणजे ‘आम्ही लोककलावंतांच्या पाठीशी’ या पोस्टला फोटो शोधत बसावं लागणार नाही.