दर्शन मागावं का?

देवाचं दर्शन कसं मिळवावं यावरच्या एका ख्रिस्ती लेखात म्हटलंय, उपास वाढवा, रात्रभर प्रार्थना करा, दर्शन नक्की होईल. इथेच मी अडखळलो. इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या ख्रिस्ती साधूंची एक गोष्ट आहे. एका साधूपुढे सैतान देवदूताच्या रूपात लखलखत उभा राहिला. म्हणाला, "मी गब्रिएल, तुझ्याकडे पाठवलंय मला." साधू म्हणाला, "बघ बाबा, दुसऱ्या कुणाकडे पाठवलं असेल, मी काही त्या लायकीचा नाही." झालं, सैतान गायब!

येशूचा प्रेषित पौल, त्याचंही बघा ना. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, 12व्या अध्यायात, तिसऱ्या स्वर्गाचा अनुभव तो सांगतो, तोही 14 वर्षांनी, आणि 'मी' न म्हणता 'एक मनुष्य' म्हणून. लगेच पुढे 'शरीरातला काटा', म्हणजे कसला तरी त्रास, सांगतो; तो दिला गर्व चढू नये म्हणून. आपल्याकडे मात्र स्वप्न पडलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर!

वसईची आमची आजी रोज संध्याकाळी गुडघे टेकून रोजरी, म्हणजे येशूची आई मारियामाय हिची मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणायची. मी लहानपणी विचारलं, "तुला कधी मारियामाय दिसली का गं?" ती म्हणाली, "मला कशाला दिसेल? तिला कामं आहेत." आणि पुढचा मणी ओढला.