‘रात्रीत मतं घुसवली’: २०२० च्या अमेरिकी मतमोजणीबद्दलच्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

फिरणारा मजकूर साधारण असा असतो: ‘रात्री झोपताना ट्रम्प पुढे होते. मग पाच राज्यांत एकदम मोजणी थांबवली, निरीक्षकांना हाकललं, पहाटे लाखो मतं आणून ओतली आणि सकाळी बायडन पुढे.’ सोबत एक आलेख जोडलेला असतो, त्यात बायडन यांची निळी रेघ सरळ भिंतीसारखी वर चढलेली दिसते. ३ नोव्हेंबर २०२० च्या, रिपब्लिकन ट्रम्प विरुद्ध डेमोक्रॅट बायडन या अध्यक्षीय निवडणुकीबद्दलचा हा दावा अजूनही थांबलेला नाही. दर निवडणुकीच्या रात्री तो नव्या नावांनी परत येतो, म्हणून त्याचं एकेक वाक्य तपासून घेऊ.

आधी एक गोष्ट. आघाडी म्हणजे मोजून झालेल्या मतांमधला फरक. राहिलेली मतं कुठली आणि कोणत्या प्रकारची आहेत, हे त्या आकड्यात नसतं. महाराष्ट्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे फेऱ्या मतदान केंद्रांच्या क्रमाने लागतात. एका पट्ट्यातली गावं निघेपर्यंत एकाचं लीड वाढत जातं, दुसऱ्याच्या पट्ट्यातली यंत्रं टेबलावर आली की तेच लीड तुटतं. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर १ मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या निकालावर वाद झाला, याचिका झाली. पण एक प्रकारची मतं मिळवल्यावर पारडं फिरू शकतं, हे गणित कुणाला अशक्य वाटलं नाही.

‘पाच राज्यांत एकाच वेळी मोजणी थांबवली’

असा आदेश देऊ शकेल असं कुणी अमेरिकेत नाहीच. तिथे आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभराची मोजणी चालवणारी संस्था नाही. नियम राज्याचे, मोजणी काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा गावाची, आणि काउंट्या तीन हजारांहून जास्त. फिलाडेल्फिया (पेनसिल्व्हेनिया), डेट्रॉईट (मिशिगन) आणि मिलवॉकी (विस्कॉन्सिन) या तिन्ही शहरांत काम रात्रभर चालू होतं. फिलाडेल्फियाच्या हॉलमधून तर थेट प्रक्षेपण होत होतं.

या वाक्यामागे खरी घटना आहे ती जॉर्जियातली. अटलांटाच्या स्टेट फार्म अरीना या सभागृहात रात्री साडेदहाच्या सुमारास कर्मचाऱ्यांनी आवरायला घेतलं. उरलेल्या मतपत्रिका नेहमीच्या चाकांच्या पेट्यांत भरून टेबलाखाली ठेवल्या. तेव्हा निरीक्षक आणि पत्रकार अजून हॉलमध्ये होते. काम संपलं अशा समजुतीने ते निघाले. इतक्यात राज्याच्या कार्यालयाकडून विचारणा झाली की इतक्या लवकर का थांबता, आणि स्कॅनिंग पुन्हा सुरू झालं. ‘सूटकेसमधून मतं काढली’ म्हणून जी चित्रफीत दाखवतात, ती त्या तासाभराचा तुकडा आहे. तपास अधिकाऱ्यांनी पूर्ण फीत पाहिली, तेव्हा त्याच पेट्या आधी सर्वांसमोर भरून ठेवताना दिसल्या. निरीक्षक नसताना काम पुन्हा सुरू करणं ही चूकच होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पण त्या चुकीमुळे मतं वाढली का, हे पाहायचा मार्ग होता आणि तो वापरलाही गेला. जॉर्जियाने सुमारे ५० लाख कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या आणि त्यानंतर यंत्रावर आणखी एकदा. पहिली धरून तिन्ही मोजण्यांत विजेते बायडनच राहिले, शेवटचा फरक ११,७७९ मतांचा.

‘पहाटे एकदम लाखभर मतं एकाच नावावर चढली’

दाव्याचा खरा जीव या आलेखात आहे. आणि अशा नावाने दोन वेगवेगळ्या गोष्टी फिरतात.

पहिली मिशिगनची. ४ नोव्हेंबरच्या पहाटे एका निकालसंस्थेच्या नकाशावर बायडन यांची मतं एका झटक्यात १,३८,३३९ ने वाढली आणि ट्रम्प यांचं एकही मत वाढलं नाही. खरोखर संशय यावा असंच ते चित्र होतं. कारण मात्र शियावासी नावाच्या छोट्या काउंटीत सापडतं. तिथे बायडन यांना १५,३७१ मतं होती. अनधिकृत आकडे कळवताना कुणीतरी शेवटी एक शून्य जास्त दाबलं आणि १,५३,७१० झाले. वजाबाकी करून पाहा, उत्तर बरोबर १,३८,३३९ येतं. चूक थोड्याच वेळात दुरुस्त झाली, पण तोवर स्क्रीनशॉट निघाला होता. दुरुस्तीनंतरचा नकाशा कुणी पुढे पाठवला नाही.

दुसरी विस्कॉन्सिनची, आणि ही मतं खरी होती. मिलवॉकी शहर टपाली मतं मतदान केंद्रांवर न मोजता एकाच केंद्रीय ठिकाणी मोजतं. ती अर्धीमुर्धी जाहीर करत नाहीत. सगळी संपली की यंत्रांमधले आकडे पेन ड्राइव्हवर घेऊन पोलीस बंदोबस्तात काउंटीच्या कार्यालयात नेतात. त्या रात्री अशी सुमारे १,६९,००० मतं पहाटे साडेतीनच्या आसपास, म्हणजे भारतात दुपारी तीनला, एकगठ्ठा जाहीर झाली. ही भिंत मोजणीची नाही, जाहीर करण्याची आहे. दिवसभर भरत गेलेली टाकी एकदम सोडावी तसं. दर तासाला आकडे दिले असते तर तीच रेघ चढणीसारखी दिसली असती.

ती मतं इतकी एकतर्फी कशी? मिलवॉकीत बायडन यांना एकूण जवळपास ७९ टक्के मतं पडली. २०१६ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांनाही तिथे तीन चतुर्थांशाहून जास्त होती आणि ट्रम्प यांची शहरातली टक्केवारी २०२० मध्ये उलट किंचित वाढली. मतं ओतायचीच होती, तर ओतणाऱ्याने ट्रम्प यांचा वाटा वाढू दिला नसता. विस्कॉन्सिनमध्ये फरक २०,६८२ चा होता. ट्रम्प यांच्या प्रचारपथकाने ३० लाख डॉलर भरून मिलवॉकी आणि डेन या दोन काउंट्यांत फेरमोजणी करून घेतली. तिच्यात बायडन यांचीच आघाडी ८७ मतांनी वाढली.

‘टपाली मतं शेवटी का आली? मुद्दाम मागे ठेवली होती’

ती मागे ठेवली होती, हे खरं आहे. पण ठेवली होती कायद्याने, आणि सगळ्यांना आधीपासून माहीत असलेल्या कायद्याने. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी टपाली पाकीट उघडायलाच बंदी आहे. विस्कॉन्सिनचंही तसंच. मिशिगनने ऑक्टोबर २०२० मध्ये मोठ्या शहरांना आदल्या दिवशी १० तास दिले, तेही फक्त बाहेरचं पाकीट उघडण्यापुरते. पूर्वतयारी आधी करू द्या, असं तिथले निवडणूक अधिकारी महिनोन्‌महिने मागत होते. पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळात आणि डेमोक्रॅट गव्हर्नरमध्ये त्यावर एकमत झालं नाही.

एका पाकिटाला काय काय करावं लागतं ते पाहा. बारकोड वाचून मतदाराच्या नावाची नोंद. बाहेरच्या पाकिटावरचं प्रतिज्ञापत्र आणि सही तपासणं. पाकीट कापणं. आतलं गुप्ततेचं पाकीट वेगळं करून ढीग मिसळणं, म्हणजे मत कुणाचं ते कळू नये. आतलं पाकीट नसेल तर ते मत पेनसिल्व्हेनियात बाद, कारण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तसा निकाल दिला होता. मग आतलं पाकीट कापणं, दोन-तीन घड्या पडलेली मतपत्रिका सपाट करणं, गठ्ठे बांधणं आणि शेवटी स्कॅनर. घडी नीट मोडली नाही तर कागद अडकतो. फाटलेली किंवा यंत्राला न वाचता येणारी मतपत्रिका वेगळी काढून तिची रीतसर नक्कल करावी लागते. एकट्या फिलाडेल्फियात अशी साडेतीन लाखांहून जास्त पाकिटं होती. त्याच वेळी मतदान केंद्रांवरची मतं रात्री आठनंतर थेट यंत्रातून बाहेर पडत होती.

आता दोन ढिगांतला फरक. साथीच्या त्या वर्षी ट्रम्प यांनी महिनोन्‌महिने समर्थकांना सांगितलं की टपालावर विश्वास ठेवू नका, केंद्रावर जा. डेमोक्रॅट पक्षाने नेमकं उलट सांगितलं. पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे २६ लाख टपाली मतांपैकी जवळपास २० लाख बायडन यांची, ६ लाखांच्या आत ट्रम्प यांची. केंद्रांवर झालेल्या मतदानात ट्रम्प यांना सुमारे २७ लाख आणि बायडन यांना १४ लाखांच्या आसपास. आधी दुसरा ढीग मोजला की ट्रम्प लाखोंनी पुढे दिसणारच. पहिला ढीग संपत आला तसे, शुक्रवारी ६ नोव्हेंबरला सकाळी, बायडन पुढे गेले. शेवटचा फरक ८०,५५५. मतदानाच्या दिवसानंतर तीन दिवसांत पोचलेली सुमारे १०,००० मतं वेगळी ठेवली होती, ती या फरकात धरलेलीच नाहीत.

हे कुणी घटना घडून गेल्यावर रचलेलं स्पष्टीकरण नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड फोली यांनी उशिरा मोजलेल्या मतांचा हा कल २०१३ मध्येच मांडला होता. निवडणुकीच्या काही दिवस आधी डेमोक्रॅट गोटातले सेनेटर बर्नी सँडर्स यांनी टीव्हीवर याच तीन राज्यांची नावं घेऊन सांगितलं होतं की रात्री ट्रम्प पुढे दिसतील, विजय जाहीर करतील, आणि मग टपाली मतं मोजली जातील. पहाटे अडीचच्या सुमारास व्हाइट हाउसमधून ट्रम्प यांनी विजयाचा दावा केला तो असाच.

‘उशिरा आलेली मतं म्हणजे घोटाळा’ म्हणणाऱ्यांनी फ्लोरिडाचं उत्तर द्यायला हवं. तिथे टपाली मतांची तयारी तीन आठवड्यांहून आधी सुरू होते, म्हणून ती पहिल्यांदा जाहीर झाली. बायडन पुढे दिसले, मग केंद्रांवरची मतं आली आणि ट्रम्प ३,७१,६८६ मतांनी जिंकले. अॅरिझोनात बायडन यांची सुरुवातीची लाखाहून मोठी आघाडी दिवसेंदिवस घटत १०,४५७ वर आली, म्हणजे तिथे उशिराच्या मतांनी ट्रम्प यांना फायदा दिला. क्रम उलटा, म्हणून कल उलटा. या दोन राज्यांतली रात्र कुणाच्याही आलेखात दिसत नाही.

‘निरीक्षकांना बाहेर काढलं’

फिलाडेल्फियात निरीक्षक होते, भांडण अंतराचं होतं. न्यायालयाने ते ६ फुटांवर आणलं. ५ नोव्हेंबरला संघीय न्यायाधीशांनी थेट विचारलं, तेव्हा ट्रम्प यांच्या वकिलांना आपली माणसं खोलीत आहेत हे कबूल करावं लागलं. डेट्रॉईटमध्ये (बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये जिथून अमेरिकी काँग्रेसवर गेले ते शहर) प्रत्येक पक्षाला १३४ जणांची मर्यादा होती. दोन्ही बाजूंचे त्याहून जास्त लोक आत आल्यावर नवा प्रवेश थांबवला. काही खिडक्यांवर पुठ्ठे लावले, कारण बाहेरून आपलं चित्रीकरण होतंय अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती. माझ्या मते तो निर्णय वाईट होता. झाकलेली खिडकी लोकांना जे सांगते, ते हजार खुलासे पुसू शकत नाहीत. पण त्या खिडकीच्या आत दोन्ही पक्षांची शेकडो माणसं उभी होती.

‘यंत्रांनी मतं फिरवली’

पुरावा म्हणून मिशिगनच्या अँट्रिम काउंटीचं नाव घेतात. तिथे पहिल्या अनधिकृत आकड्यांत बायडन पुढे दिसले, जे त्या रिपब्लिकन भागात अशक्यच होतं. मतपत्रिकेत शेवटच्या क्षणी बदल झाला आणि नवी मांडणी सगळ्या यंत्रांत भरली गेली नाही, त्यामुळे आकडे चुकीच्या रकान्यांत पडले. मग डिसेंबरमध्ये सगळ्या कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या. दुरुस्त निकालाशी फरक निघाला तो फक्त १२ मतांचा. यंत्र चुकलं की नाही हे कागद सांगतो, आणि कागद जागेवर होता.

अर्धी मोजणी पूर्ण समजायची चूक उलट्या बाजूनेही होते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी ‘बायडन यांची दीड-दोन कोटी मतं कुठे गेली?’ हा प्रश्न दोन्ही गोटांतून फिरला. एका गोटाला वाटलं २०२० ची मतं खोटी होती, दुसऱ्याला वाटलं २०२४ ची गायब केली. तुलना होती २०२० च्या पूर्ण मोजणीची २०२४ च्या अर्ध्या रात्रीशी. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं त्या वेळी आठवडाभर उशिरापर्यंत स्वीकारली जात होती आणि मोजणी कित्येक आठवडे चालते. ती संपली तेव्हा २०२४ च्या डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांची देशभरातली मतं साडेसात कोटींवर गेली होती.

२०२४ च्या त्या रात्री मिलवॉकीत तर सुमारे ३१,००० मतपत्रिका पुन्हा पहिल्यापासून स्कॅन कराव्या लागल्या. १३ यंत्रांची दारं नीट बंद झाली नव्हती, म्हणून दोन्ही पक्षांसमोर मोजणी शून्यावर आणून परत सुरू केली, आणि निकाल पुन्हा उशिरा आला. पेनसिल्व्हेनियाने २०२२ मध्ये अनुदान घेणाऱ्या काउंट्यांना मोजणी न थांबवता पूर्ण करायची अट घातली. पाकीट उघडायची वेळ मात्र २०२४ मध्येही सकाळी ७ चीच होती.