नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

परवा मुलुंडला बहिणीकडे जेवायला गेले होते. विषय कुठून तरी विधान परिषदेवर आला. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की २६ जून २०२४ ला विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघाच्या (जिथे फक्त पदवीधर मत देतात) निवडणुकीत पहिली पसंती मी एका अपक्षाला दिली होती. भाचा म्हणाला, "मावशी, तो निवडून येणार नव्हताच. पण समजा आला असता, तरी एकटा माणूस तिथे बसून काय करणार होता?"

पानं वाढलेली होती, म्हणून तेव्हा अर्धवटच बोलले. राहिलेलं इथे लिहिते. लांब आहे, पण हा विषय माझ्या घरात येऊन गेलेला आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्यांची बायपास झाली. मी अनुदानित शाळेत शिक्षिका, त्यामुळे वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल शाळेमार्फत पाठवलं. सगळी कागदपत्रं जोडली होती. सहा महिन्यांनी त्रुटी काढून बिल परत आलं. त्रुटी पूर्ण करून पुन्हा पाठवलं, पुन्हा शांतता. शाळा सुटली की मी त्या कार्यालयात जायचे. टेबलावर एकच उत्तर मिळायचं: "मॅडम, आमच्याकडे काही पेंडिंग नाही. तुमचंच कुठेतरी अडकलं असेल." असे चौदा महिने गेले. कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते चालू होते. मला खरंच वाटायला लागलं होतं, की चूक माझीच आहे.

मग एका सहकाऱ्यानं एक झेरॉक्स आणून दिली. विधान परिषदेतला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आणि त्याचं छापील उत्तर. विचारणारे सदस्य दुसऱ्याच विभागाचे शिक्षक आमदार होते आणि कुठल्याही पक्षाचे नव्हते. मी त्यांच्या मतदारसंघात नव्हते, त्यांना कधी भेटलेही नव्हते. राज्यभरातल्या शिक्षकांची वैद्यकीय देयकं थकली आहेत, हे खरे आहे काय, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तराची पहिलीच ओळ होती: "(१) हे अंशतः खरे आहे."

माझ्यासाठी ते दोन शब्द केवढे मोठे होते! सरकारनं सभागृहात लिहून दिलं होतं, की देयकं थकली आहेत. ती झेरॉक्स अर्जाला जोडून मी पुन्हा गेले. बिल दोनेक महिन्यांत मंजूर झालं. ते त्या प्रश्नामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या टेबलावर "काही पेंडिंग नाही" हे वाक्य मला पुन्हा ऐकावं लागलं नाही.

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नांची एक ठरलेली घडण आहे. पहिला भाग: अमुक घडले आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली? आणि शेवटचा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? अठ्ठावीस वर्षं मी मराठी शिकवलं. इतकं सरळ, पळवाट न ठेवणारं प्रश्नार्थक वाक्य मला दुसरीकडे क्वचितच भेटलं. एखादी गोष्ट करणं हे शासनाचं कामच आहे आणि झाली नसेल तर कारण सांगावंच लागेल, हे त्या वाक्यात आधीच धरलेलं आहे.

उत्तरं टोलवाटोलवीची येतात, हे मलाही माहीत आहे. "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." अशा उत्तरांची पानंच्या पानं मी वाचली आहेत. पण सभागृहात जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा भंग होतो, म्हणून खात्यातला माणूस उत्तर लिहिताना हात राखून लिहितो. मंत्र्यानं सभागृहात शब्द दिला, तर तो आश्वासन समितीकडे नोंदला जातो आणि पुढे त्याचा हिशोब मागता येतो. आणि हे सगळं सुरू करायला एक सही पुरते. मागे पन्नास आमदार लागत नाहीत.

राज्यसभेतही तसंच आहे. तिथे रोज १५ तारांकित आणि १६० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतात. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडत निघते. त्या सोडतीत सगळे सदस्य सारखेच. ज्याच्या पाठीशी कुणीही नाही, त्याच्यासाठी सोडतीसारखी न्याय्य गोष्ट नाही.

पण भाच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. प्रश्न विचारणं वेगळं आणि चर्चेत बोलणं वेगळं. विधेयकावर किंवा अर्थसंकल्पावर बोलायची वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटली जाते. कुठल्या विषयाला किती तास, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं आणि तिथे गटनेते बसतात. अपक्षाचा गट नाही, म्हणून तिथे त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. त्याचं नाव यादीत तळाला. संध्याकाळी उशिरा, बाकं रिकामी होत आल्यावर त्याला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि तेवढ्यातही घंटी वाजते.

सचिन तेंडुलकरचा प्रसंग आठवतोय? तो राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होता, म्हणजे निवडून आलेला अपक्ष नव्हे, पण पक्ष नसल्यामुळे तसाच एकटा. डिसेंबर २०१७ मध्ये खेळाच्या हक्काबद्दल बोलायला तो राज्यसभेत उभा राहिला. समोर वेगळ्याच विषयावर गदारोळ चालू होता. आपल्या वांद्र्याचा हा मुलगा, ज्याच्यासाठी वानखेडेवर लोक रात्र रात्र रांगेत उभे राहिले, तो काही मिनिटं नुसता उभा राहिला आणि न बोलता खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते भाषण फेसबुकवर टाकलं. त्याची हजेरी फार कमी होती, ही तक्रार माझीही आहे. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. पक्षाचा माणूस उभा राहिला, की गोंधळ थांबवा म्हणायला त्याच्यामागे बाकं असतात. एकट्याच्या मागे कोण?

विधेयकाची वाट तर आणखी बिकट. अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारनं न आणलेलं, मंत्री नसलेला कुणीही सदस्य मांडू शकतो, पण स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आहेत. त्यातलं शेवटचं १९७० चं. ते मांडलं होतं आनंद नारायण मुल्ला यांनी. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, उर्दूचे कवी, आणि १९६७ साली लखनौमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आलेले. सभागृह खालचं होतं, पण उदाहरण अपक्षाचंच. खालच्या कोर्टानं निर्दोष सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयानं जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क त्या कायद्यानं दिला. आजही तुरुंगातल्या कुणाला तरी तो हक्क उपयोगी पडत असेल आणि तो एका अपक्षामुळे मिळाला, हे त्याच्या गावीही नसेल.

पडलेल्या विधेयकाचंही एक उदाहरण सांगते. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहातही आपल्यासारखेच पदवीधरांनी निवडून द्यायचे सदस्य असतात. मेरी रॉबिन्सन १९६९ साली, पंचविशीत, अशाच पदवीधरांच्या मतांवर अपक्ष म्हणून तिथे पोहोचल्या. त्या देशात तेव्हा गर्भनिरोधकांच्या विक्रीवर बंदी होती. १९७१ मध्ये ती उठवण्यासाठी त्यांनी दोन अपक्ष सहकाऱ्यांबरोबर विधेयक आणलं. सभागृहानं ते मांडूसुद्धा दिलं नाही. पुढे १९७९ मध्ये सरकारलाच काही अटी घालून तसा कायदा करावा लागला, आणि १९९० मध्ये त्याच बाई देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. हरणारं विधेयक मांडायची हिंमत पक्षाच्या माणसाला सहसा होत नाही, कारण त्याला तिकिटाची काळजी असते.

अपक्षाची खरी ताकद हीच. त्याला व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या आमदार-खासदाराला व्हिपविरुद्ध मत देणं म्हणजे पद पणाला लावणं. अपक्षाला प्रत्येक विधेयकावर स्वतः वाचून, स्वतःच्या बुद्धीनं मत देता येतं. पण त्याच कायद्यात त्याच्यासाठी एक कडक कलम आहे: निवडून आल्यानंतर तो कुठल्या पक्षात गेला, तर त्याचं सदस्यत्व जातं. मला हे कलम फार योग्य वाटतं. पक्ष नको म्हणून लोकांनी ज्याला मत दिलं, त्यानं पक्षात जाणं हा मतदाराचा विश्वासघात आहे.

पण इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो. पक्षात न जाता नुसता "पाठिंबा" द्यायला कायद्याची आडकाठी नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाठिंब्याचं पत्र, मग सहा वर्षं त्याच पक्षाच्या बरोबरीनं हात वर. कागदावर अपक्ष, प्रत्यक्षात गटाचा माणूस. हे मला मान्य नाही. कुणाच्या मदतीनं निवडून आला याबद्दल माझी तक्रार नाही. कपिल सिब्बल २०२२ मध्ये समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले, हे जगजाहीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एका न्यायाधीशाविरुद्ध महाभियोगाची नोटीस देण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याला किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात, ५५ मिळाल्या. त्यांची भूमिका पटो वा न पटो, एकटा माणूस सह्या गोळा करत फिरू शकतो हे त्यातून दिसलं. माझा प्रश्न आत गेल्यावर काय केलं, याचा आहे.

आपल्याकडे अमरावती शिक्षक मतदारसंघातून २०२० मध्ये किरण सरनाईक आणि नाशिक पदवीधरमधून २०२३ मध्ये सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांना मी चांगलं म्हणत नाही की वाईट म्हणत नाही. त्यांच्या विभागातल्या मतदारांना एवढंच सांगते, की त्यांचे तारांकित प्रश्न काढून वाचा, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) वाचा, नियम ९७ खाली कोणती अल्पकालीन चर्चा मागितली ते बघा, शुक्रवारच्या अशासकीय कामकाजात त्यांचं काय होतं ते बघा. वाढदिवसाचे फ्लेक्स बघून काही कळत नाही.

आणि आपण तरी त्यांच्याकडे काय मागतो? सोसायटीच्या गेटबाहेर बाक, चौकात व्यायामशाळा, गणपतीला मंडप. आमदार निधीतून ती कामं होतात, व्हावीतही. पण पदवीधरांचा आणि शिक्षकांचा आमदार त्यासाठी निवडायचा नसतो. विधान परिषदेत ७८ जागा. त्यात पदवीधरांच्या ७, शिक्षकांच्या ७, राज्यपालनियुक्त १२. बाकीच्या ५२ आमदार आणि स्थानिक स्वराज्य संस्था भरतात, म्हणजे पक्षच भरतात. नियुक्त्यांचं काय होतं तेही पाहिलं: नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली यादी तशीच पडून राहिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला. म्हणजे पक्षाबाहेरच्या माणसाला खरीखुरी वाट उरते ती या चौदा जागांचीच.

ही परिषद साधं विधेयक सगळं मिळून चारेक महिने लांबवू शकते, धन विधेयक फक्त १४ दिवस. सरकार पाडू शकत नाही. म्हणून काही जण म्हणतात, बरखास्तच करा. मला ते पटत नाही. रोजगार हमी योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते. जिथे सत्ता जायची-यायची नसते, तिथे निदान शांतपणे विचारता यावं. म्हणूनच माझी मागणी आहे, की प्रत्येक मोठ्या चर्चेत अपक्षांसाठी ठरावीक मिनिटं नियमातच लिहून ठेवावीत, आणि ती दिवसाच्या शेवटी नव्हे, मध्ये द्यावीत. सभापतींच्या मर्जीवर ते सोडू नये. मर्जी चांगली असते तेव्हा वेळ मिळतो, नसते तेव्हा मिळत नाही, आणि दोन्ही वेळा मतदार तेच असतात.

भाच्यानं त्या जूनमध्ये मत दिलं नव्हतं. त्याचं नावच यादीत नव्हतं. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे झालं, असं त्याला वाटत होतं. पदवीधरची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला नव्यानं होते. १ नोव्हेंबर या तारखेला पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली पाहिजेत आणि नमुना १८, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, भरावा लागतो. आमच्या इमारतीत पदवीधर नाही असं घर नसेल. तरी त्या पावसाळी बुधवारी केंद्रावर मला आमच्यातले दोघेच भेटले. आत जांभळ्या शाईचा पेन देतात, त्यानंच नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. आपल्या खिशातलं पेन वापरलं की मत बाद. इंजिनिअर झालेल्या भाच्याला हे मी सांगितलं तेव्हा तो गप्प ऐकत होता.

मुंबई पदवीधरची पुढची निवडणूक २०३० मध्ये. त्याचा नमुना १८ मी स्वतः समोर बसून भरून घेणार आहे. आणि ती जुनी झेरॉक्स अजून माझ्या फाइलमध्ये आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण "हे अंशतः खरे आहे" नीट वाचता येतं. पुढच्या रविवारी तो घरी येईल तेव्हा आधी त्याच्या हातात ती देईन.