'कवी : अज्ञात' असे छापण्याआधी

गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांच्या आणि मंडळांच्या वर्धापनदिनांच्या निमित्ताने मराठी स्मरणिका निघतात. त्यांतल्या जुन्या कवितांखाली 'कवी : अज्ञात' किंवा नुसते 'संग्रहित' असे छापण्याची प्रथा इतकी रुळली आहे की, त्यात काही वावगे आहे असे संपादक मंडळातल्या कोणाला वाटतही नाही. अलीकडेच अशा एका स्मरणिकेत बाकीबाब बोरकरांची कविता अज्ञात कवीच्या नावावर छापलेली पाहिली. बाकीबाबच गोव्यात अज्ञात ठरत असतील, तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? त्यांचे निधन १९८४ साली झाले आणि त्यांच्या साहित्यावरचे हक्क ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत कायम आहेत. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता कवितेखालचे नाव गळून पडले, म्हणून ते हक्क संपत नाहीत.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. लेखकाच्या निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून साठ वर्षे हक्क टिकतात. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०२९ संपेपर्यंत खुले होणार नाही. पुस्तकाची पाने किती पिवळी पडली आहेत याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

निनावी लेखनाची मोजणी मात्र वेगळी आहे. तेथे साठ वर्षे प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात. मुदत संपण्याआधी लेखकाचे नाव उघड झाले, तर मोजणी पुन्हा त्याच्या निधनावर जाते. टोपणनावालाही हाच नियम लागू आहे. निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हिशोब आणखी निराळा असतो. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली आणि मुदत त्या प्रकाशनापासून मोजली गेली.

हा निनावीपणाचा नियम गोव्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः सालाझारच्या सेन्सॉरशिपच्या काळात, सही न करता लिहिण्याला सबळ कारण होते. त्या काळातल्या मराठी नियतकालिकांतले जे लेखन निनावी छापले गेले आणि ज्याचा लेखक पुढेही उघड झाला नाही, ते भारतीय कायद्याच्या मोजणीने १ जानेवारी २०२२ पर्यंत सगळेच्या सगळे मुक्त झाले आहे. तरीही अशा अंकाचे एखादे पान छापायचे म्हटले की, ज्याच्या कपाटात तो अंक आहे तो मालकाच्या थाटात परवानगीची भाषा करतो. कागद त्याचा आहे, हे मान्य. मजकूर त्याचा नाही. तीच गत संतसाहित्याची. सोहिरोबानाथांच्या पदांवर कोणाचाही हक्क नाही, पण एखाद्या संपादकाने त्यांना लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांवर त्याचा हक्क असू शकतो. पदे घ्यावीत आणि टिपा सोडाव्यात, एवढे तारतम्य पुरेसे आहे.

खरा गुंता आहे तो उत्सवी नाटकांच्या हस्तलिखित वह्यांचा. शाईने लिहिलेली संहिता, समासात पेन्सिलीने लिहिलेली नटांची नावे, मधूनच बदललेली पदे, आणि लेखकाचे नाव जिथे असायचे ते पहिले पान नेमके वाळवीने खाल्लेले. वही कधी छापली गेली नाही, म्हणून ते लेखन अप्रकाशित, असे आपण धरून चालतो. पण निधनोत्तर साहित्याच्या कलमात लोकांसमोर झालेला प्रयोग हेही प्रकाशनच मानले आहे. म्हणजे देवळाच्या मंडपात ते नाटक कोणत्या साली उभे राहिले, यालाही कायद्यात किंमत आहे. गावच्या हौशी मंडळाने विनातिकीट किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्याने सूट दिली आहे, पण तीच संहिता छापायला ही सूट लागू नाही.

लेखक सापडतच नसेल, तर कलम ३१अ खाली परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. डिचोलीतल्या मराठी नाटककाराच्या वारसांचा शोध इंग्रजी दैनिकातून घ्यावा, ही तरतूद ज्याने लिहिली त्याला गावच्या मंडळाचा जमाखर्च कधी पाहावा लागला नसावा. निदान मजकुराच्या भाषेतल्या दैनिकातली जाहिरात पुरेशी मानली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत संपादकांनी 'अज्ञात' या शब्दाची वाट जरा उशिरा धरावी. गावातल्या जुन्या नटांना, पेटीवाल्यांना, भटजींना विचारावे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक चाळावेत. एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर मजकुराखाली तो कोठून घेतला, मूळ अंक किंवा वही कोणत्या सालची आहे आणि माहिती असल्यास कोणाला कळवावे, या तीन ओळी छापाव्यात. स्मरणिकेत मिठाईच्या दुकानाला अख्खे पान देता येते, तिथे तीन ओळींना जागा नाही असे कोणी म्हणू नये.