ड्यूक–नॉर्थ कॅरोलिना: ‘आकडे बाजूला ठेवा’ या सल्ल्याला आकड्यांचेच उत्तर

ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुरुष बास्केटबॉल संघांची लढत जवळ आली की एक दावा हमखास फिरू लागतो. समालोचक तो करतात, माजी खेळाडू करतात, आणि रॅले-डरहॅम परिसरात स्थायिक झालेली मराठी मंडळीही नव्याने आलेल्या पाहुण्यांना तोच ऐकवतात. दावा असा, की या सामन्याआधी दोन्ही संघांची हंगामातील कामगिरी बाजूला ठेवावी, कारण इथे काहीही घडू शकते. सामना नेहमी शेवटच्या फेकीपर्यंत रंगतो. घरच्या प्रेक्षकांचा गोंगाट निकाल फिरवतो. आणि फेब्रुवारीत हरलेला संघ मार्चमधल्या परतीच्या सामन्यात उट्टे काढतो. येत्या लढतीचा अंदाज बांधू पाहणाऱ्याने हे चारही भाग सुटे करून तपासावेत, कारण ते एकत्र ऐकताना जितके पटतात तितके वेगवेगळे पाहिल्यावर टिकत नाहीत.

ही चढाओढ मोठी आहे, याबद्दल वाद नाही. ड्यूकचे डरहॅम आणि नॉर्थ कॅरोलिनाचे चॅपेल हिल या गावांत जेमतेम १६ किलोमीटरचे अंतर आहे, दोन्ही संघ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटात खेळतात, आणि त्यांचा पहिला सामना जानेवारी १९२० मध्ये झाला. नॉर्थ कॅरोलिनाच्या नावावर सहा राष्ट्रीय विजेतेपदे आहेत, तर ड्यूकच्या नावावर पाच, आणि ही पाचही प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या ४२ हंगामांच्या कारकिर्दीतली. कॉन्फरन्समधील संघांची संख्या अठरावर गेल्यानंतरही या दोघांची गाठ नियमित हंगामात दोनदा पडेल, अशी व्यवस्था राखण्यात आली आहे. परंतु सामना मोठा असणे ही एक गोष्ट आणि त्याचा निकाल अनाकलनीय असणे ही दुसरी.

पहिला भाग कामगिरी निरर्थक असल्याचा. तो खरा असेल तर प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा व्हायला हवा. तसे असते तर एकाच संघाने हंगामातले दोन्ही सामने जिंकण्याचा प्रसंग साधारण निम्म्याच हंगामांत यायला हवा होता. प्रत्यक्षात २०१९ ते २०२५ या सात हंगामांपैकी सहांत एकाच संघाने दोन्ही सामने जिंकले: २०१९, २०२१ आणि २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने, तर २०२०, २०२३ आणि २०२५ मध्ये ड्यूकने. निव्वळ नाणेफेकीतून सात हंगामांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा असे होण्याची शक्यता सोळात एक एवढीच भरते. सात हंगाम हा काही मोठा नमुना नव्हे, हे मान्य. पण ‘काहीही घडू शकते’ म्हणणाऱ्यांना निदान या नमुन्याचा आधार घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की दोन्ही सामने जिंकणारा संघच वरचढ होता हे कशावरून? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना हातचे राखणे बरोबर नाही. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने १८ सामने जिंकून ११ गमावले, तर ड्यूकने १३ जिंकून ११ गमावले. पण त्यातून परस्परांतले दोन सामने वगळले तर विजयांच्या प्रमाणात फरक उरतच नाही. २०२४ चीही तीच गत आहे. म्हणून हे दोन हंगाम मी पुराव्यात धरत नाही. २०२०, २०२३ आणि २०२५ या तीन हंगामांत मात्र परस्परांतले सामने वगळूनही ड्यूक स्पष्टपणे सरस होता. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा हंगाम १४ विजय आणि १९ पराभवांवर संपला. २०२३ मध्ये तोच संघ हंगामपूर्व क्रमवारीत अव्वल असूनही राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. आणि २०२५ मध्ये कूपर फ्लॅगच्या ड्यूकने ३५ सामने जिंकून फक्त चार गमावले. या तीन हंगामांत दोघे एकूण सात वेळा भिडले, त्यात २०२५ च्या कॉन्फरन्स स्पर्धेतील उपांत्य सामनाही आला, आणि सातही वेळा ड्यूक जिंकला.

राहिला २०१९ चा हंगाम, आणि माझ्या मते तो सर्वांत बोलका आहे. त्या वर्षी दोन्ही संघ तुल्यबळ होते आणि राष्ट्रीय स्पर्धेत चार संघांना मिळणारे अव्वल मानांकन दोघांनाही मिळाले. २० फेब्रुवारीला ड्यूकच्या घरच्या कोर्टवर सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते, तोच ड्यूकचा प्रमुख खेळाडू झायन विल्यमसन याचा बूट फाटला, त्याचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. नॉर्थ कॅरोलिनाने तो सामना ८८–७२ असा जिंकला, आणि मार्चमधला परतीचा सामनाही ७९–७० असा जिंकला. त्यातही विल्यमसन नव्हता. त्यानंतर आठवडाभरात कॉन्फरन्स स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तो परतला, त्याने ३१ गुण केले आणि ड्यूक ७४–७३ असा जिंकला. एका खेळाडूच्या असण्या-नसण्याने निकालाची दिशा बदलत असेल, तर सामन्याआधी काय पाहायचे याचे उत्तर त्यातच मिळते.

दुसरा भाग सामना शेवटच्या फेकीपर्यंत जाण्याचा. याच सात हंगामांतील नियमित हंगामाचे चौदा सामने घेतले, तर त्यांपैकी निम्मे, म्हणजे सात, दहा किंवा त्याहून अधिक गुणांच्या फरकाने सुटले. तीन किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेला सामना एकच, तो ८ फेब्रुवारी २०२० चा. त्या दिवशी ड्यूकच्या ट्रे जोन्सने मुद्दाम चुकवलेल्या फ्री थ्रोचा (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा) चेंडू स्वतःच मिळवून वेळ संपल्याच्या बझरबरोबर बरोबरी साधली, आणि ओव्हरटाइमच्या (जादा वेळेच्या) अखेरीस वेंडेल मूरने रिबाउंडवर, म्हणजे हुकलेल्या फेकीच्या परतलेल्या चेंडूवर, बास्केट करून ९८–९६ असा विजय मिळवून दिला. हा सामना वारंवार दाखवला जातो. २०२१ चा ९१–७३ किंवा २०२५ चा ८७–७० कोणी पुन्हा दाखवत नाही. दावा जन्मतो तो या निवडीतून.

ज्या जुन्या सामन्यांची साक्ष काढली जाते, तेही नीट तपासले तर उलटी साक्ष देतात. २ मार्च १९७४ रोजी नॉर्थ कॅरोलिनाने शेवटच्या १७ सेकंदांत आठ गुणांची पिछाडी भरून काढली, वॉल्टर डेव्हिसच्या लांबवरच्या फेकीने बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये ९६–९२ असा निकाल लागला. लांबच्या फेकीला तीन गुण देणारा थ्री-पॉइंटर नसलेल्या काळात हे घडले, म्हणून ते अधिकच थक्क करणारे. पण जिंकला तो त्या वर्षीचा उघडपणे सरस संघच. २ फेब्रुवारी १९९५ रोजी शशेव्स्की आजारपणामुळे बाकावर नसताना ड्यूकच्या जेफ केपलने अर्ध्या कोर्टवरून चेंडू टाकून पहिल्या ओव्हरटाइमच्या अखेरीस बरोबरी केली; तरी दुसऱ्या ओव्हरटाइमनंतर १०२–१०० असा विजय राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत पोहोचणार असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाचा झाला, आणि ड्यूकने तो हंगाम १३ विजय व १८ पराभवांवर संपवला. २०२० बद्दल वर आलेच आहे. दुबळ्या संघाने झुंज दिली हे या तिन्ही सामन्यांचे वेगळेपण. दुबळा संघ जिंकला असे एकाही सामन्यात घडले नाही.

ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सची २०१२ मधली फेक तेवढी या दाव्याच्या बाजूने मांडता येईल. नॉर्थ कॅरोलिना घरच्या कोर्टवर अखेरच्या काही मिनिटांत दहा गुणांनी पुढे होता, आणि रिव्हर्सच्या थ्री-पॉइंटरने ड्यूक ८५–८४ असा जिंकला. पण तेव्हा दोन्ही संघ देशातील पहिल्या दहांत होते, म्हणजे कामगिरीने जी चुरस सांगितली होती तीच दिसली. महिनाभराने नॉर्थ कॅरोलिनाने ड्यूकच्या कोर्टवर ८८–७० असा हिशेब चुकता केला.

तिसरा भाग घरच्या प्रेक्षकांचा. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता ९,३१४ आहे, आणि कोर्टच्या कडेला खेटून उभे राहणारे विद्यार्थी जागा मिळावी म्हणून कित्येक आठवडे आधीपासून तंबू ठोकून राहतात. चॅपेल हिलचे डीन स्मिथ सेंटर त्याच्या दुपटीहून मोठे आहे आणि १९८६ मध्ये त्याचे उद्घाटनच ड्यूकवरील ९५–९२ अशा विजयाने झाले. कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या कोर्टचा फायदा एरवी खरा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वरच्याच चौदा सामन्यांत घरचा संघ सहा वेळा जिंकला आणि आठ वेळा हरला. २०२१ चा कॅमेरॉनमधला सामना प्रेक्षकांविना झाला होता, म्हणून तो वगळला तरी तेरांत सहाच विजय उरतात.

याचे एक साधे कारण अंतरात आहे. पाहुण्या संघाला एरवी विमानप्रवास, हॉटेलमधली रात्र आणि अनोळखी सराव सोसावा लागतो. इथे तो अर्ध्या तासाच्या बसप्रवासाने येतो आणि आदल्या रात्री स्वतःच्याच अंथरुणात झोपलेला असतो. उरतो तो गोंगाट, आणि त्याने फ्री थ्रो मारणाऱ्याचे लक्ष विचलित होत असेलही, पण रिबाउंड मिळवून देण्याची ताकद त्यात नाही.

चौथ्या भागाला फार जागा देण्याची गरज नाही, कारण तो पहिल्याच भागाच्या आकड्यांत निकाली निघाला आहे. सातपैकी सहा हंगामांत पहिला सामना हरलेला संघ दुसराही हरला. शिवाय आता संघ दरवर्षी जवळजवळ नव्याने उभा राहतो. ड्यूकचे फ्लॅग, कॉन क्नुपेल आणि खमान मालुआच हे तिघे एका हंगामानंतर एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत) अनुक्रमे पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या क्रमांकाने गेले, आणि २०२१ पासून पहिल्यांदा एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावे लागत नाही. गेल्या वर्षीच्या पराभवाचा सल ज्यांनी जपावा, त्यांतले बहुतेक खेळाडू आता संघातच नसतात.

आता २०२२ कडे वळू, कारण दावा करणारे शेवटी तिथेच येतात आणि त्यांनी यावेच. फेब्रुवारीत ड्यूकने चॅपेल हिलमध्ये ८७–६७ असा वीस गुणांनी विजय मिळवला. ५ मार्चला, शशेव्स्कींच्या घरच्या कोर्टवरील शेवटच्या सामन्यात, क्रमवारीत स्थान नसलेल्या नॉर्थ कॅरोलिनाने चौथ्या क्रमांकावरील ड्यूकला ९४–८१ असे हरवले. २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये दोघे राष्ट्रीय स्पर्धेत इतिहासात प्रथमच समोरासमोर आले आणि आठव्या मानांकनाच्या नॉर्थ कॅरोलिनाने ८१–७७ असा विजय मिळवून शशेव्स्कींची कारकीर्द संपवली. मानांकनावर विसंबून राहिलेल्यांचे अंदाज दोनदा चुकले, यात शंका नाही.

मात्र मानांकन ही हंगामभराची सरासरी असते, आणि त्या सरासरीत एक बदललेला संघ दडला होता. जानेवारीत नॉर्थ कॅरोलिनाच्या एका प्रमुख खेळाडूने संघ सोडल्यावर ओक्लाहोमाहून आलेला ब्रेडी मॅनेक सुरुवातीच्या पाचांत आला. फेब्रुवारीच्या मध्यात पिट्सबर्गकडून घरी झालेल्या पराभवानंतर नॉर्थ कॅरोलिनाने ड्यूकला भेटण्याआधी सलग चार सामने जिंकले होते. ५ मार्चला आर्मांडो बेकॉट, केलेब लव्ह, आर. जे. डेव्हिस आणि मॅनेक या चौघांनीही वीस किंवा त्याहून अधिक गुण केले. हा एखाद्या भाग्यवान फेकीचा विजय नव्हता. पुढे त्याच संघाने गतविजेत्या बेलरला ओव्हरटाइममध्ये नमवले. न्यू ऑर्लिन्समध्ये लव्हचे २८ गुण सर्वांच्या लक्षात राहिले, पण बेकॉटचे २१ रिबाउंड माझ्या लेखी तितकेच महत्त्वाचे. तेव्हा २०२२ मधून घ्यायचे ते एवढेच, की कोणती आकडेवारी पाहायची हे नीट ठरवावे. नोव्हेंबरपासूनच्या एकूण विजयांपेक्षा शेवटच्या आठ-दहा सामन्यांत प्रत्यक्ष खेळलेल्या पाच-सहा जणांची कामगिरी अधिक सांगून जाते.

येत्या लढतीसाठीही हाच क्रम लावता येईल. आधी दुखापतींची बातमी पाहावी. विल्यमसनच्या उदाहरणानंतर याचे समर्थन करण्याची गरज नाही. मग प्रत्येक संघ शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात येण्याच्या शंभर पाळ्यांमागे) किती गुण करतो आणि किती देतो, तेही प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा हिशेब धरून, हे पाहावे. निव्वळ सरासरी गुण पाहू नयेत, कारण सावकाश खेळणारा संघ त्यात उगाच दुबळा दिसतो. २०२३ चे दोन्ही सामने ६३–५७ आणि ६२–५७ असे संपले, ते संथ गतीमुळेही. त्यानंतर आक्रमणातले रिबाउंड आणि टर्नओव्हर (फेक न करताच गमावलेले चेंडू) पाहावेत. शेवटी राखीव फळी, विशेषतः उंच खेळाडूंची: वीस मिनिटांच्या एका अर्धात संघाचे सात फाउल झाले की साध्या फाउलवरही प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळू लागतात आणि पाच फाउलनंतर खेळाडू बाद होतो, त्यामुळे ज्याच्याकडे एकच भरवशाचा सेंटर आहे त्या संघाला त्याला पहिल्या अर्धात दोन फाउल झाल्याबरोबर बाकावर बसवावे लागते.

या चारही बाबी एकाच संघाकडे झुकत असतील तर त्या संघाची बाजू घ्यावी, सामना कुठेही असो. त्या दोघांत विभागल्या गेल्या तर मात्र सामना खरोखर अटीतटीचा होईल, आणि तोही अंदाज सामन्याआधी आकड्यांवरूनच बांधलेला असेल.